वाचकांचे प्रश्न : विद्यार्थ्यांची रॉकेटे, वर जाताना आणि परत येताना

गेल्या अंकात या सदरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या रॉकेट स्पर्धांविषयी एक लहान टिपण आले होते. अमेरिकेत २००६ पासून भरणारी स्पर्धा, जगभरातल्या विद्यापीठांचे संघ स्वतः बांधलेली रॉकेटे घेऊन तिथे जातात ही गोष्ट, आणि त्यांत भारतीय संघही असतात याचा उल्लेख, एवढेच त्यात होते. त्यावर बरीच पत्रे आली. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि काही वर्षे अशाच एका विद्यार्थी-संघाची मार्गदर्शक म्हणून काम केले आहे, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी सहानंतर तो वर्कशॉपमध्येच असतो, दिवाळीतही चार दिवसांपलीकडे घरी राहिला नाही. विचारले की "रॉकेटचे काम आहे" एवढेच सांगतो. ही मुले वर्षभर नेमके काय करतात, त्यातून काय शिकतात, आणि अभ्यासाकडे दुर्लक्ष तर होणार नाही ना? — एक पालक, सांगली

मुख्य स्पर्धा जूनमध्ये असते आणि तिचे काम आदल्या ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होते, त्यामुळे दिवाळी ही ऐन कामाच्या दिवसांतच येते. संघात बहुधा तीस-चाळीस विद्यार्थी असतात आणि त्यांचे गट पडलेले असतात. एक गट रॉकेटचा सांगाडा बांधतो, दुसरा मोटरचे, म्हणजे इंधन जाळून रॉकेटला जोर देणाऱ्या भागाचे, पाहतो, तिसरा आतली इलेक्ट्रॉनिक्स, चौथा पॅराशूट, आणि पाचवा रॉकेटमधून न्यायचे उपकरण. याशिवाय पैसे उभे करणारा एक गट असतो. त्याचे काम बाहेरच्यांना दिसत नाही, पण तो नसेल तर बाकीच्यांना हात बांधून बसावे लागते.

पहिले दोन महिने जवळजवळ सगळे काम संगणकावर आणि कागदावर चालते. 'ओपनरॉकेट' नावाची एक मोफत संगणक-प्रणाली आहे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील एका विद्यार्थ्याने २००९ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी ती तयार केली आणि आज जगभरचे संघ तिच्यावर आपल्या रॉकेटचे पहिले उड्डाण 'उडवून' पाहतात. आकृती पक्की झाली की नळ्या तयार होतात. काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे कापड साच्यावर गुंडाळायचे, त्यावर इपॉक्सी रेझिन चढवायचे, ते घट्ट होईपर्यंत थांबायचे आणि मग घासून गुळगुळीत करायचे. रेझिन एकदा कालवले की ते तुमच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. रात्री उशिरापर्यंत वर्कशॉप उघडे राहण्याचे एक खरे कारण हे आहे. घासताना उडणारी तंतूंची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून मुलाशी बोलाल तेव्हा तो त्या वेळी मास्क आणि हातमोजे वापरतो का, हे जरूर विचारा.

शिकण्याचे म्हणाल, तर पुस्तकातल्या उदाहरणात वजन, तापमान, घर्षण सगळे दिलेले असते. इथे ते स्वतः मोजावे लागते आणि मोजण्यात झालेली चूक सहा महिन्यांनी सर्वांसमक्ष उघडी पडते. अभ्यासाकडे दुर्लक्ष होण्याची तुमची काळजी मात्र अनाठायी नाही. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे वर्कशॉप बंद ठेवायचे, असा नियम आमच्या संघाने केला होता, आणि तो पाळल्याने रॉकेटचे काहीच अडले नाही.

प्रश्न : आपली अवकाश संस्था चंद्रावर यान उतरवते. मग हे विद्यार्थी तीन किलोमीटर उंचीसाठी वर्ष का घालवतात? — एक विद्यार्थी, नाशिक

स्पर्धेचा मूळ वर्ग दहा हजार फुटांचा, म्हणजे ३,०४८ मीटरचा आहे. त्यापुढचा वर्ग तीस हजार फुटांचा. आधी तीन किलोमीटर म्हणजे काय ते पाहू. हवा नसती, तरी तेवढ्या उंचीवर पोहोचायला सुरुवातीचा वेग सेकंदाला सुमारे २४५ मीटर लागला असता. प्रत्यक्षात हवेचा रोध असल्यामुळे तो याहून बराच जास्त, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या जवळ जाणारा लागतो. माणसाएवढे किंवा त्याहून उंच, वीस-पंचवीस किलो वजनाचे रॉकेट तीन-चार सेकंदांत त्या वेगाला नेणे आणि त्या धक्क्यात त्याच्या पोटातली इलेक्ट्रॉनिक्स शाबूत राखणे हे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी मोठेच आव्हान आहे.

पण खरी मेख गुणांच्या पद्धतीत आहे. ही स्पर्धा सर्वांत उंच जाण्याची नाही, ठरलेल्या उंचीला नेमके पोहोचण्याची आहे. अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या सूत्रात उंचीला ३५० गुण होते. रॉकेट दहा हजार फुटांवर अचूक थांबले तर पूर्ण गुण, आणि लक्ष्यापासून तीस टक्के वर किंवा खाली गेले तर शून्य. म्हणजे कुणाचे रॉकेट जोरात अकरा हजार फुटांवर गेले, तर टाळ्या पडतील, पण सुमारे ११७ गुण जातील. त्यामुळे विद्यार्थ्यांना प्रत्येक गोष्टीचे वजन धरावे लागते, अगदी रंगाच्या थराचेही. न्यू मेक्सिकोच्या ज्या वाळवंटात २०१७ ते २०२४ पर्यंत ही स्पर्धा झाली, ती जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे. जूनच्या उन्हात तिथली विरळ हवा आणखी विरळ होते आणि पुण्यात बसून समुद्रसपाटीच्या हवेवर केलेले गणित तिथे चुकते. २०२५ पासून स्पर्धा टेक्सासमधील मिडलंड येथे गेली, तेव्हा सर्व संघांना हे हिशेब नव्याने मांडावे लागले.

विद्यार्थ्यांनी याहून किती तरी वर मजल मारली आहे, हेही सांगायला हवे. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे 'ट्रॅव्हलर ४' हे रॉकेट २१ एप्रिल २०१९ रोजी सुमारे १०३.६ किलोमीटर उंचीवर गेले. अवकाशाची सीमा मानली जाणारी शंभर किलोमीटरची कारमान रेषा ओलांडणारे ते विद्यार्थ्यांचे पहिले रॉकेट ठरले. त्याच विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे 'आफ्टरशॉक २' ऑक्टोबर २०२४ मध्ये नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटातून सुमारे १४३ किलोमीटरपर्यंत पोहोचले. 'ट्रॅव्हलर ४'च्या यशाच्या आधीचे एक अपयश मला जास्त शिकवून जाते. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिते.

प्रश्न : रॉकेट वर जाण्यापेक्षा सुखरूप खाली येणे अवघड असते, असे ऐकले आहे. पॅराशूट उघडण्यात एवढे अवघड काय आहे? — एक वाचक, कोल्हापूर

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मोटर तीन-चार सेकंदांत जळून जाते. त्यानंतरचे वीसेक सेकंद रॉकेट निव्वळ मिळालेल्या वेगावर वर जात राहते आणि सर्वोच्च बिंदूवर त्याचा वेग जवळजवळ शून्य होतो. पॅराशूट बाहेर काढायची वेळ हीच. थोडे आधी किंवा उशिरा उघडले तर वेग जास्त असतो आणि झटक्याने दोर तुटतात किंवा नळी चिरते. तो क्षण ओळखण्याचे काम अल्टिमीटर करतो. तो हवेचा दाब मोजतो. उंची वाढते तसा दाब घटत जातो आणि घट थांबली की शिखर आले असे तो समजतो. मग तो एका लहान विद्युत-काडीला प्रवाह देतो, काही ग्रॅम बंदुकीची दारू पेटते, बंद नळीत वायूचा दाब वाढतो, जोडावर बसवलेल्या नायलॉनच्या बारीक खिळी तुटतात आणि नळीचे दोन भाग सुटे होऊन पॅराशूट बाहेर पडते.

मात्र शिखरावर मोठे पॅराशूट उघडायचे नसते. हिशेब करून पाहा. मोठ्या पॅराशूटखाली रॉकेट सेकंदाला सात मीटर वेगाने उतरत असेल, तर तीन हजार मीटर उतरायला सात मिनिटांहून जास्त वेळ लागेल. सेकंदाला सहा मीटर वेगाचा वारा असेल, तर तेवढ्यात रॉकेट अडीच किलोमीटर वाहत जाईल. म्हणून शिखरावर 'ड्रोग' नावाचे छोटे पॅराशूट उघडते. त्याच्याखाली रॉकेट सेकंदाला पंचवीसेक मीटरने, तरीही आटोक्यात, खाली येते. जमीन सुमारे ४५० मीटर राहिली की अल्टिमीटर दुसरा स्फोट घडवून मोठे पॅराशूट सोडतो. असे केल्यास उतरण्याला पावणेतीन मिनिटे लागतात आणि वाहणे एक किलोमीटरवर येते. वीस किलोच्या रॉकेटाला सेकंदाला सात मीटरने उतरवायचे, तर ते मोठे पॅराशूट साधारण अडीच मीटर व्यासाचे लागते. एवढे कापड अरुंद नळीत घडी घालून असे बसवायचे की ते क्षणात बाहेर यावे, दोर गुंतू नयेत आणि स्फोटाच्या गरम वायूने कापड वितळू नये. त्यासाठी आग न धरणाऱ्या कापडात ते गुंडाळतात आणि घड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून टाल्कम पावडर भुरभुरतात. आमच्या संघाचे पहिले पॅराशूट एका विद्यार्थिनीने घरच्या शिलाई यंत्रावर दुहेरी शिवण घालून शिवले होते. तिच्याइतका सरळ टाका आमच्यापैकी कुणालाच जमला नसता.

हे सगळे उड्डाणाआधी जमिनीवर तपासता येते. रॉकेट आडवे ठेवून, माणसे दूर उभी करून, दारू पेटवून पाहायची आणि नळी नीट सुटते का ते बघायचे. ही चाचणी निदान तीन वेळा यशस्वी झाल्याशिवाय मी कुठल्याही उड्डाणाला संमती देत नसे.

तरीही चूक होते. स्पर्धेच्या नियमानुसार पॅराशूट उघडणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असाव्या लागतात, प्रत्येकीचा अल्टिमीटर, बॅटरी आणि स्विच वेगळा, आणि त्यांपैकी निदान एक अल्टिमीटर बाजारात मिळणारा, सिद्ध झालेला. आमच्या एका छोट्या चाचणी-रॉकेटात आम्हीही तसेच केले होते. अल्टिमीटरला बाहेरचा दाब कळावा म्हणून नळीला बारीक छिद्रे असतात. प्रवासात धूळ जाऊ नये म्हणून त्यांवर आदल्या रात्री चिकटपट्टी लावली होती आणि सकाळी ती काढायची राहून गेली. दोन्ही अल्टिमीटर उत्तम चालू होते, दोघांच्या बॅटऱ्या भरलेल्या होत्या, पण दोघांचा श्वास त्याच बुजलेल्या छिद्रांतून चालायचा होता. आत दाब बदललाच नाही, त्यामुळे रॉकेट उडाले आहे हेच त्यांना कळले नाही. रॉकेट नाकावर येऊन पडले आणि अर्धा मीटर जमिनीत रुतले. माणसे पुरेशी लांब होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. ज्या गोष्टीवर दोन्ही यंत्रणा अवलंबून आहेत अशी एक जरी राहिली, तर त्या दोन नसून एकच असतात. हे मला त्या दिवशी समजले आणि तपासणीची अंतिम जबाबदारी माझी असल्याने ती चूकही मी माझीच मानते.

मघाशी उल्लेखिलेले अपयश याच जातीचे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाच्या त्याच विद्यार्थ्यांनी 'ट्रॅव्हलर ३' उडवले. मोटर उत्तम चालली, रॉकेट आकाशात दिसेनासे झाले, पण उड्डाणाआधी आतली इलेक्ट्रॉनिक्स कार्यान्वित करायची राहून गेली होती. त्यामुळे पॅराशूट उघडले नाही आणि उंचीची नोंदही झाली नाही. ते अवकाशात पोहोचले असणे शक्य होते, पण पुरावा नव्हता. म्हणून त्यांनी तसा दावा मान्य करून घेण्याचा आग्रह धरला नाही, सात महिन्यांनी नवे रॉकेट उडवले आणि त्याच्या नोंदी तपासून 'शंभर किलोमीटर ओलांडल्याची ९० टक्के खात्री आहे' असे मोजक्या शब्दांत जाहीर केले. ती टक्केवारी लिहिण्यातला प्रामाणिकपणा मला त्या उंचीइतकाच मोलाचा वाटतो.

आमच्या त्या फसलेल्या उड्डाणापासून आमच्याकडे तपासणी-यादी एकजण मोठ्याने वाचतो, दुसरा ती कृती करतो आणि तिसरा पाहून सही करतो. उड्डाणापूर्वी काढायच्या प्रत्येक वस्तूला हातभर लांब लाल फीत बांधलेली असते. फिती मोजून सगळ्या हातात आल्याशिवाय कुणी रॉकेटपासून दूर होत नाही.

प्रश्न : घरी किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत रॉकेटचे इंधन बनवता येईल का? इंटरनेटवर कृती दिसतात. — बारावीचा एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

नाही, बनवू नका. हे मी संकोच न करता सांगते. इंधन आणि प्राणवायू पुरवणारे रसायन एकत्र कालवताना, तापवताना, साच्यात भरताना ते पेटू शकते आणि पेटले की विझवता येत नाही, कारण जळण्यासाठी त्याला बाहेरची हवा लागत नाही. बोटे आणि डोळे गमावलेल्या माणसांच्या हकिकती या क्षेत्रात पुष्कळ आहेत.

कायद्याचीही बाजू आहे. आपल्याकडे १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि त्याखालील २००८ चे नियम लागू आहेत. परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. 'शिकण्यासाठी केले' हे कारण तिथे चालत नाही. अमेरिकेत छंदासाठीच्या तयार मोटरी विकत मिळतात, पण मोठ्या मोटरी केवळ पायरीपायरीने प्रमाणपत्र घेतलेल्या व्यक्तींनाच देतात. या मोटरींना अक्षरांची श्रेणी असते आणि प्रत्येक अक्षरागणिक एकूण बल-आवेगाची (मोटरचा जोर आणि तो जितके सेकंद टिकतो यांच्या गुणाकाराची) मर्यादा दुप्पट होते. तीन किलोमीटरच्या स्पर्धेत बहुधा 'एम' श्रेणीची मोटर लागते, तिची मर्यादा ५,१२० ते १०,२४० न्यूटन-सेकंद. अशी मोटर विमानाच्या सामानात नेता येत नाही, म्हणून भारतातून जाणाऱ्या संघाला तिची सोय तिथेच करावी लागते आणि ती मोटर बसेल असे रॉकेट इथे, मोटर हातात नसताना, बांधावे लागते.

काही विद्यापीठांचे संघ स्वतःची इंजिने बनवतात. जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे घन इंधन आणि द्रव नायट्रस ऑक्साइड वापरणारे संकरित रॉकेट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनमधील एसरेंज तळावरून ६४ किलोमीटरच्या वर गेले. परंतु त्यामागे अनेक वर्षांच्या जमिनीवरील चाचण्या आणि अनुभवी माणसांची देखरेख होती. तुम्हाला प्रणोदकांचीच, म्हणजे रॉकेटला ढकलणाऱ्या इंधनांचीच, आवड असेल, तर रसायनशास्त्र मन लावून शिका. या विषयावर काम करणारी संरक्षण संशोधनाची मोठी प्रयोगशाळा पुण्यात पाषाणजवळ आहे आणि तिथे रसायनशास्त्रज्ञ लागतात.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या कॉलेजात असा संघ नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे. सुरुवात कुठून करू? अमेरिकेला जाणे परवडणारे नाही. — एक विद्यार्थिनी, लातूर

अमेरिकेला जाण्याची गरज नाही. भारतीय राष्ट्रीय अंतरिक्ष संवर्धन आणि प्राधिकरण केंद्र, म्हणजे 'इन-स्पेस', इस्रो आणि भारतीय अंतरिक्षयान संस्था यांनी मिळून विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि 'कॅनसॅट' स्पर्धा सुरू केली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात तिची उड्डाणे झाली. कॅनसॅट म्हणजे डब्याएवढा, रॉकेटमधून वर नेऊन पॅराशूटने सोडलेला छोटा उपग्रहवजा प्रयोग. तो उतरताना दाब, तापमान, स्थान अशा नोंदी रेडिओवरून जमिनीवर पाठवत राहतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थिनीसाठी याहून चांगला आरंभ मला सुचत नाही. दाबमापक संवेदक, एक सूक्ष्मनियंत्रक (मायक्रोकंट्रोलर), रेडिओ आणि बॅटरी एवढ्यावर तुम्ही उद्या काम सुरू करू शकता. तो संच घेऊन इमारतीच्या जिन्याने वर-खाली जा आणि मजल्यांमधले तीन मीटरचे अंतर तुमच्या नोंदींत दिसते का ते पाहा. ते दिसले, तर अल्टिमीटरचा अर्धा विषय तुमच्या हाती आला.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी काय केले, हेही आठवा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटने नेला आणि आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला.  मणिपालच्या विद्यार्थ्यांचा 'थ्रस्ट-एमआयटी' संघ अमेरिकेच्या स्पर्धेत उतरला आहे. अशा संघांची तांत्रिक टिपणे मिळवून वाचा. चार-पाच जणांचा गट आणि उत्साही शिक्षक एवढे मिळाले की संघ झाला असे समजा.

प्रश्न : रॉकेटचे पंख शेपटीलाच का? — इयत्ता नववी, रत्नागिरी

बाणाची पिसे मागे असतात, त्याच कारणासाठी. रॉकेट आपल्या वजनाच्या मध्याभोवती वळते. वाऱ्याने ते तिरके झाले, तर हवेचा जोर ज्या बिंदूवर एकवटतो तो वजनाच्या मध्याच्या मागे असेल, तरच हवा त्याला पुन्हा सरळ करते. पंख मागे लावल्याने तो बिंदू मागे सरकतो. या दोन बिंदूंतले अंतर नळीच्या व्यासाच्या निदान दीडपट ठेवतात. मात्र पंखांना काम करायला वेग हवा. म्हणून रॉकेट पाच-साडेपाच मीटर लांबीच्या रेलवरून, म्हणजे त्याला सरळ धरणाऱ्या उभ्या दांड्यावरून, सुटते आणि रेल सोडताना त्याचा वेग सेकंदाला तीस मीटर असावा अशी अपेक्षा असते. त्यासाठी मोटरला रॉकेटच्या वजनाच्या सुमारे नऊ-दहा पट जोर लावावा लागतो. तू खराट्याची काडी घेऊन पुढच्या टोकाला मातीचा गोळा आणि मागे पुठ्ठ्याचे पंख लावून फेकून बघ, मग पंख पुढे लावून फेक.

प्रश्न : उतरलेले रॉकेट सापडलेच नाही तर? — एक वाचक, मडगाव

असे होते, आणि मग त्याचे उड्डाण पूर्ण मानले जात नाही. रॉकेटात जीपीएस असलेला रेडिओ बसवतात. तो शेवटपर्यंत आपले स्थान कळवत असतो, पण रॉकेट खोलगट जागेत किंवा झुडपांत पडले की संदेश तुटतो. म्हणून उड्डाणाच्या वेळी दोन-तीन जण वेगवेगळ्या जागी उभे राहून, रॉकेट शेवटी दिसले ती दिशा होकायंत्रावर टिपून ठेवतात. नकाशावर त्या रेषा जिथे छेदतात, तिथून शोध सुरू होतो. पाणी, टोपी आणि बंद बूट घेऊन, जोडीजोडीने, आणि जमीन कुणाच्या मालकीची असेल तर आधी त्यांना सांगून. एकदा आमचे रॉकेट ज्वारीच्या उभ्या पिकात उतरले. शेतमालकिणीने बांधावर उभे राहून आम्हाला वाट दाखवली. नुकसान झालेल्या ताटांची भरपाई आम्ही दिली आणि रॉकेट पुसून, अल्टिमीटर जोडून, त्यांच्याच अंगणात उंचीचा आकडा वाचला.